कुणाच्या नावाने

बाबांची पुस्तकं खोक्यांत भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात ती वाचलेली मी एकटीच. बाबा चर्चचे पाळक होते, आणि आता पाळकनिवास महिनाअखेर रिकामा करून द्यायचा होता. नवे पाळक येणार होते, त्यांना लहान मुलं होती, आणि भिंतींना कुठला रंग द्यावा याची चर्चा मंडळीतल्या लोकांनी आमच्यासमोरच सुरू केली होती. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. घर चर्चचं, आम्ही त्यात राहणारे. बाबा गेले तसं घराशी आमचं नातंही संपलं.

ते रविवारच्या उपासनेआधी गेले. झगा चढवत होते; एक हात बाहीत गेला होता, दुसरा जायचा होता. बाहेर पेटीवर पहिलं गीत सुरू झालं होतं आणि लोक उभे राहून त्यांची वाट बघत होते. याहून जास्त मी कुणाला सांगत नाही.

त्या दिवशी मी बायबलच्या टीकाग्रंथांच्या फळीपाशी होते, तेव्हा सरकारच्या समारंभ विभागाच्या अधिकारी बाई आल्या. नीटनेटक्या, दमलेल्या, काखेत फायलींचा गठ्ठा. बाबा बरीच वर्षं त्यांच्या समितीवर होते, त्यामुळे त्यांना मी आधी पाहिलं होतं. दरवर्षी आमच्याकडे राष्ट्रीय प्रार्थना दिन होतो. स्टेडियम भरतं, राष्ट्राध्यक्ष येतात, आणि प्रत्येक धर्माचा एकेक जण पुढे येऊन आपल्या पद्धतीने देशासाठी प्रार्थना करतो आणि जागेवर जाऊन बसतो. ख्रिस्ती लोकांच्या वतीने बाबा जायचे.

"यंदा थोडा बदल आहे," बाईंनी एक कागद माझ्यापुढे धरला. "सगळ्यांची मिळून एकच प्रार्थना. प्रत्येक धर्माचा माणूस एकेक परिच्छेद वाचेल. शेवटचा परिच्छेद तुमच्या वडिलांच्या स्मरणार्थ. निवेदक तसं जाहीर करतील आणि मग तुम्ही माइकपाशी यायचं. थेट प्रक्षेपण आहे."

मी वाचलं. 'हे परमशक्ती, तुला सगळी नावं आहेत आणि कुठलंच नाव नाही. आम्ही तुला वेगवेगळ्या हाका मारतो, पण हाक एकच आहे.' असं बरंच होतं. भाषा चांगली होती. कुणीतरी मन लावून लिहिलं होतं.

"बाबांनी हे पाहिलं होतं?"

"पहिला मसुदा पाहिला होता. त्यांचे काही मुद्दे होते."

"काही?"

बाई प्रामाणिक होत्या. "एकच होता. पण तो ते दर बैठकीत मांडायचे."

तो मुद्दा मला पाठ होता. जेवताना आम्ही तो कितीतरी वेळा ऐकला होता. आळीपाळीने प्रार्थना करा, बाबा म्हणायचे, माझी काही हरकत नाही. दुसरा प्रार्थना करत असताना मी आदराने उभा राहीन. पण एकत्र म्हणायची असेल तर ती कुणाला उद्देशून आहे ते आधी ठरवा. आणि ते तुम्ही ठरवू शकत नाही, कारण ते ठरवणं सरकारचं काम नाही.

"त्यांचा विरोध होता," मी म्हणाले.

"ते असते तर समजून घेतलं असतं. मागच्या वर्षी आठवतं ना, एक गट उठून निघून गेला? दुसऱ्या दिवशी दोन गावांत दगडफेक. लोक टीव्हीवर वेगवेगळ्या प्रार्थना बघतात आणि कोणाला किती वेळ मिळाला ते मोजतात. देश एक आहे, तर वर्षातून एकदा एका आवाजात काही म्हणायला काय हरकत आहे?"

प्रश्न खरा होता. दगडफेकीत एका बाईचा डोळा गेला होता. मी म्हणाले, "मी आधी तालमीला येते. ऐकते. मग सांगते."

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. बाबांची ही मोठी बहीण, आयुष्यभर त्यांच्याकडेच राहिलेली. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं, आणि लपवायचा प्रयत्नही करत नव्हती.

"सांगते कसली? होच म्हणते ती," आत्या म्हणाली. "साऱ्या देशात माझ्या भावाचं नाव घेणार आहेत. आमच्या गावच्या त्या दीडशहाण्यांना ऐकू दे जरा. पाळक झाला म्हणून हसत होते त्याला."

बाई गेल्यावर दादाही आत्याच्याच बाजूने झाला. दादा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे आणि चर्चमध्ये नाताळ आणि लग्नं सोडून येत नाही. तो स्वयंपाकघरात कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

"दोन ओळी आहेत, वाचून टाक," तो म्हणाला. "देव असेल तर त्याला कळेल चिठ्ठी कुणाला आहे. नसेल तर प्रश्नच मिटला."

"त्याला कळेल रे. मी काय म्हणतेय ते मला कळायला नको?"

"तू ना, बाबांची झेरॉक्स आहेस."

"ही शिवी आहे का?"

"निरीक्षण आहे," दादा म्हणाला, आणि एक बशी फोडली.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. जुन्या साम्राज्यात पहिल्या ख्रिस्ती लोकांना का मारलं, हे दरवर्षी वर्गात विचारते. मुलांना वाटतं, ते सम्राटासाठी प्रार्थना करायला तयार नव्हते म्हणून. खरं तर ते सम्राटासाठी प्रार्थना करत होते, रोज करत होते, मनापासून करत होते. सम्राटापुढे चिमूटभर धूप टाकायला मात्र तयार नव्हते. आणि अधिकारी त्यांना अगदी समजुतीने सांगत: तुमचा देव तुमच्यापाशी ठेवा, आम्हाला काही नको, एवढी चिमूट टाका आणि घरी जा. ते अधिकारी दुष्ट नव्हते. त्यांनाही शांतताच हवी होती. ही गोष्ट मी इतकी वर्षं निवांतपणे शिकवत आले. ती एक दिवस फाइल घेऊन माझ्या दारात येईल असं वाटलं नव्हतं.

पण एक अडचण होती, आणि ती बाबांचीच होती. ते गेलेले होते. जिवंत माणूस नाही म्हणू शकतो. गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ कुणीही काहीही म्हणू शकतं, आणि तेच त्याचं म्हणणं म्हणून राहतं. त्या एका परिच्छेदाने बाबांचा जन्मभराचा शब्द साऱ्या देशासमोर उलटा होणार होता, आणि वाचणारी मी असणार होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मौलवीसाहेब आले. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या मशिदीतले. बाबांचे मित्र म्हणावेत की प्रतिस्पर्धी, हे दोघांनाही कधी ठरवता आलं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसून दोघे वर्षानुवर्षं भांडले. बाबा गेल्यावरही ते येत आणि बाकाच्या आपल्याच बाजूला बसत.

"तुला कागद आला का, पोरी?"

"आला, चाचा. तुम्हाला?"

"मला पहिलाच परिच्छेद दिलाय. 'तुला सगळी नावं आहेत.'" त्यांनी चहा बशीत ओतला. "तुझ्या बापाला मी सांगत होतो, तू माणसाला देव म्हणतोस, तुझं काही खरं नाही. तो मला सांगायचा, तू देवाला माणूस होऊ देत नाहीस, तुझंच काही खरं नाही. वीस वर्षं झाली. ना मी हरलो, ना तो. आणि या कागदावर बघ, दोघेही हरलो. कागद म्हणतो, तुम्ही भांडत नव्हताच मुळी. एकच बोलत होता."

मला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

"हसू नकोस. त्याला माझी खरी काळजी होती. मी नरकात जाणार म्हणून त्याची झोप उडायची. माझ्या सख्ख्या भावाने माझी एवढी काळजी केली नाही."

"तुमचा राग नाही यायचा?"

"यायचा की. पण जो मला चुकतोयस म्हणतो, तो निदान मी काय म्हणतो ते ऐकतो. हे लोक मला बरोबर म्हणतात आणि ऐकत कोणीच नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "मी वाचणार नाही. पण मी बोललो तर म्हणतील, मौलवी आडमुठा आहे. तू बोललीस तर वेगळं."

"म्हणजे पुढे मी व्हायचं?"

"तुझ्या बापाला मी नेहमी पुढे करायचो," मौलवीसाहेब शांतपणे म्हणाले.

तालीम बंदिस्त क्रीडागृहात होती. लाकडी जमिनीवर बास्केटबॉलच्या रेषा, त्यावर गालिचा अंथरलेला. आमच्या चर्चचा गायकवृंद राष्ट्रगीतासाठी बोलावला होता, म्हणून ती सगळी मंडळी पांढऱ्या झग्यांत पायऱ्यांवर उभी होती. त्यांच्यापुढे गायकवृंदाच्या प्रमुख; त्यांना सगळे कडक मावशी म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती होते. ते पहिल्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी वाचायचं कबूल केलं नव्हतं, म्हणून माझा परिच्छेद निवेदक वाचणार होता. त्याचा आवाज मधासारखा होता.

इथे आमच्या चर्चची एक सवय सांगायला हवी. आमच्याकडे कुणी प्रार्थना सुरू केली की सगळे माना खाली घालतात, डोळे मिटतात, आणि 'प्रभू येशूच्या नावाने' हे शब्द आले की आमेन म्हणून माना वर करतात. हे कुणी शिकवत नाही. लहानपणी आईच्या मांडीवर येतं. आमच्या लेखी ते शब्द म्हणजे नुसता शेवट नाही. आपण देवापुढे आपल्या बळावर उभे नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीवर आत आलो आहोत, हे सांगणं आहे ते. ते सांगितलं नाही तर आपण दारातच उभे.

निवेदक म्हणाला, "चला, आपण सारे प्रार्थना करू या," आणि गायकवृंदाने माना खाली घातल्या.

परिच्छेदामागून परिच्छेद झाले. मौलवीसाहेबांनी आपला कागद निवेदकाकडे सरकवला, तोही त्यानेच वाचला. शेवटचा संपला. निवेदकाने कागद मिटला, पाठीमागे बसलेल्या कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, वाद्यवृंदाने राष्ट्रगीताचे पहिले सूर धरले. वाद्यवृंदाच्या संचालकांनी गायकांकडे हात उचलला.

कुणीही गायलं नाही. पांढऱ्या झग्यांतली ती सगळी माणसं माना खाली घालून, डोळे मिटून उभी होती.

संचालकांनी पुन्हा सूर घ्यायला लावले. पुन्हा हात उचलला. एक म्हातारे गायक किंचित डुलले, बहुधा डुलकी लागली असावी. बाकी सगळं स्तब्ध.

"यांना काय झालं?" अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. "हे आंदोलन आहे का? तुम्ही सांगून ठेवलंय?"

"नाही हो. शपथ."

त्या तरातरा पायऱ्यांपाशी गेल्या. "मावशी! ओ मावशी! गायचंय ना?"

कडक मावशींनी एक डोळा उघडला. "शूः! प्रार्थना चालू आहे."

"संपली प्रार्थना!"

"कधी?" मावशींनी दुसराही डोळा उघडला. "मी तर ऐकतेय अजून. मला वाटलं, त्या बिचाऱ्याचं पान हरवलं."

सगळं सभागृह हसलं. हिंदूंच्या वतीने आलेले पुजारीबुवा तर पोट धरून हसले. गायकांनी एकेक करून माना वर केल्या, आणि काय चुकलं ते न कळून एकमेकांकडे बघू लागले. आंदोलन करायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ते फक्त वाट बघत होते.

न्यायमूर्ती मात्र हसले नाहीत. त्यांनी काठीने मला जवळ बोलावलं.

"तुमच्या वडिलांनी मला दर बैठकीत हेच ऐकवलं," ते म्हणाले. "मला वाटलं, त्यांच्याबरोबर विषय संपला. काय हो, तुमच्या देवाला इतर देवांशेजारी उभं राहायची लाज वाटते का?"

"शेजारी उभं राहायला आमचं कधीच काही म्हणणं नव्हतं, साहेब. इतकी वर्षं राहतोच आहोत. ते सगळे एकच आहेत, हे मला सांगायला लावता आहात. ते मला माहीत नाही. आणि मला जे माहीत आहे, ते याच्या उलट आहे."

"ही तटस्थ प्रार्थना आहे. तिच्यात कुठलाच धर्म नाही."

"सगळी नावं एकाचीच, हीसुद्धा एक श्रद्धाच आहे, साहेब. चांगली असेल. पुष्कळांची असेल. ज्याची आहे त्याने ती खुशाल म्हणावी, मी आदराने ऐकेन. पण ती सगळ्यांची आहे असं सरकारने ठरवलं, तर मग तो सरकारी धर्म झाला."

"माझी आहे ती," पुजारीबुवा मागून म्हणाले. ते मोठ्या मनाचे गृहस्थ होते. "मला काही अडचण नाही बुवा. मी त्यांच्या येशूचंही नाव घेईन, त्यात काय! पण हे मात्र खरं, की माझ्या घरचं जेवण सगळ्यांना वाढलंय आणि वर त्यांनाच म्हणताय की हे तुमच्याच घरचं."

"मलाही हा घास जात नाही," मौलवीसाहेब तेवढ्यात म्हणाले, आणि लगेच माझ्यामागे उभे राहिले.

न्यायमूर्तींनी काठीची मूठ दुसऱ्या हातात घेतली. माणूस वाईट नव्हता. त्या बाईचा डोळा गेला त्या दगडफेकीची चौकशी त्यांनीच केली होती. "लोकांनी एकमेकांचे डोळे फोडू नयेत म्हणून मी हे करतो आहे," ते म्हणाले. "तुम्हाला दुसरा काही मार्ग दिसतो?"

"एकमेकांशी पटत नसताना एकमेकांचं ऐकून घेणं, हे टीव्हीवर दाखवा, साहेब. पटतंय असं खोटंच दाखवलं, तर ते लोकांना कळतं."

"कार्यक्रम छापून झाला आहे. जो वाचणार नाही त्याच्याऐवजी निवेदक वाचेल. मसुदा बदलणार नाही."

"मग बाबांचं नाव काढा."

अधिकारी बाई पुढे झाल्या. "अहो, विचार करा. पुन्हा असा मान मिळणार नाही. त्यांचं स्मारक म्हणून एवढंच होईल, पुढे कुणाला आठवणारही नाही."

ते मला कळत होतं. मला आत्या दिसत होती, टीव्हीसमोर सगळ्यात पुढच्या खुर्चीत.

"विचार केलाय. त्यांनी जे म्हटलं नसतं, ते त्यांच्या स्मरणार्थ नको. राष्ट्रगीत मात्र आमचे लोक गातील. त्यातला शब्द न् शब्द आम्हाला मान्य आहे."

न्यायमूर्तींनी मान हलवली. बाईंनी आपल्या प्रतीवर रेघ मारली. गायकवृंद राष्ट्रगीत गायला, आणि फार चांगलं गायला.

घरी सांगितल्यावर आत्याने माझ्याशी बोलणं सोडलं. म्हणजे जे बोलायचं ते दादामार्फत. "तिला विचार, मीठ हवंय का." दादा शेजारीच बसलेला असे. "तुला मीठ हवंय का?" तो गंभीर चेहऱ्याने विचारी. मग एकदा भांडी घासता घासता तिचा बांध फुटला.

"एकदाच मिळणार होतं त्याला! आयुष्यभर लोकांची लग्नं लावली, मढी पुरली, आणि त्याचं नाव घ्यायची वेळ आली तर पोटच्या पोरीने खोडायला लावलं. माझा भाऊ होता तो. तुझा नुसता बाप."

तिचं दुःख माझ्याहून जुनं होतं. तिने त्याला पाळण्यात पाहिलं होतं. मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि पुसत उभी राहिले. तिने दुसरं दिलं.

राष्ट्रीय प्रार्थना दिनाचा समारंभ संध्याकाळी होता. सकाळी आमच्या चर्चमध्ये नेहमीप्रमाणे देशासाठी प्रार्थनासभा झाली. नवे पाळक अजून यायचे होते, म्हणून मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी शास्त्रपाठ वाचला आणि म्हणाले, ज्याला मनात येईल त्याने प्रार्थना करावी. नेहमीची शांतता पसरली. अशा वेळी सगळे आपल्या शेजाऱ्याची वाट बघतात.

माझ्या शेजारी बाक करकरला. आत्या उभी राहिली होती.

आत्या चारचौघांत कधी मोठ्याने प्रार्थना करत नाही. घरात पाळक असताना आपण कशाला तोंड उघडा, असं तिचं मत. दादा, जो केवळ आत्याला गाडीतून आणायचं म्हणून आला होता, त्याने माझ्याकडे बघितलं.

"प्रभू," आत्या म्हणाली, भाजीवाल्याला हाक मारावी तशी. "मी रागावलेय, ते तुला दिसतंच आहे. त्यांनी माझ्या भावाचं नाव काढलं. माझ्या भाचीनेच काढायला लावलं. तिचं बरोबर असेल. ती बापावर गेलीय, त्याला मी काय करू? त्याचं नाव तुझ्यापाशी आहे, तेवढं पुरे म्हणते मी. रोज म्हणते. अजून पुरे वाटत नाही, वाटेल."

कुणीतरी नाक ओढलं. मी माझ्या हातांकडे बघत होते.

"आता देशाचं. राष्ट्राध्यक्षांना अक्कल दे." मागे कुजबुज झाली. "सुबुद्धी म्हणा हवं तर, तेच ते. त्या न्यायमूर्तींना शांत झोप दे. संध्याकाळी ते सगळे स्टेडियमवर जमतील, उन्हं डोळ्यांवर असतील, म्हातारीकोतारी येतील, कुणी चेंगरू नये. ते कुणाला हाक मारतील त्यांचं त्यांना माहीत. कुणालाही मारू देत. ऐक तू."

ज्येष्ठांनी खाकरल्यासारखं केलं. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्या वाक्यात काय काय गडबड होती ते मला दिसत होतं, आणि बाबांनी त्यावर तिला रात्रीच्या जेवणापर्यंत सोडलं नसतं. माझ्याकडेही दोन मुद्दे तयार होते. ते मी कुठल्याच खोक्यात भरले नाहीत, आणि मांडलेही नाहीत. मी हात पुढे करून आत्याचा पदर धरला, लहानपणी गर्दीत धरायचे तसा.

तिने तो सोडवून घेतला नाही. थांबलीही नाही. राष्ट्राध्यक्ष आणि न्यायमूर्ती आटोपून ती पाणीपुरवठा खात्याकडे वळली होती, आणि तिथे तिला बरंच काही सांगायचं होतं.